लिंबू, कोळसा आणि लाल दोऱ्याची पुडी

“हात नका लावू कोणी! मागं सरका! जो हात लावील त्याचा हात खांद्यापासून गळून पडंल!”

हे माझे बाबा ओरडत होते. बाबांच्या आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवतो. दापोऱ्याच्या आमच्या बागेत उभं राहून ते मोटार सुरू करायला सांगतात, तेव्हा तिकडे चांदनी स्टेशनात थांबलेली मालगाडी सुटते. गार्डला वाटतं, सिग्नल मिळाला. पण त्या सकाळी या आवाजाला कापरं भरलं होतं. बाबांच्या हातात लांब काठी होती आणि काठीचं टोक बांधावरच्या एका सपाट दगडाकडे रोखलेलं होतं. दगड उलटा पडला होता.

दगडाखाली काय काय निघालं ते ऐका. एक अर्धं कापलेलं लिंबू. मधोमध खळगा कोरलेला कोळसा, खळग्यात पांढरी राख. एक वाकडी, जळकी तार. चुन्याची डबी. आणि लाल दोऱ्यानं गच्च आवळलेली कागदाची पुडी.

आता तुम्हीच सांगा. केळीच्या बागेत, भर बांधावर, दगडाखाली एवढा ऐवज सापडला तर तुमच्या मनात पहिलं काय येईल? बारावीची केमिस्ट्री येईल? नाही ना? आमच्या गावाच्याही मनात आली नाही.

“करणी आहे!” बाबा म्हणाले. “माझ्या बागेवर करणी केली कोणीतरी!”

कोणीतरी म्हणताना ते बांधाच्या पलीकडे बघत होते. पलीकडे भाऊ उभे होते. भाऊ म्हणजे आमचे शेजारी, आमच्याएवढीच केळी, आमच्याएवढाच ताठा. त्या थंडीत दोन्ही बागांच्या पानांवर करपा आला होता. पानं कडेनं वाळत चालली होती. रोग आमच्याकडून त्यांच्याकडे गेला की त्यांच्याकडून आमच्याकडे आला, यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. बोलणं बंद म्हणजे फक्त भांडायला तोंड उघडायचं. आमच्या ठिबकच्या नळ्यांतून त्या दिवसांत पाणी कमी आणि संशयच जास्त टपकत होता.

“मले काय धंदा नाही का?” भाऊ कडाडले. “लिंबू बघा आधी. ते तुमच्याच झाडाचं आहे! आमच्या झाडाला यंदा एक लिंबू लागलं नाही. का नाही लागलं, ते आज कळलं!”

“दगड तुमच्या हद्दीत आहे!”

“वा! दगड आमचा केव्हापासून झाला? तुमचा आहे तो!”

इथं गावकरी सुद्धा गोंधळले. कारण हाच दगड आपला आहे म्हणून दोघं वर्षानुवर्षं भांडत आले होते. पटवाऱ्यानं साखळी टाकून मोजलं तेव्हाही दोघांनी आपापल्या बाजूनं तो दगड धरून ठेवला होता, जणू म्हशीचं पारडूच. त्या सकाळी मात्र तो दगड कुणालाच नको होता.

मी केळीच्या एका खांबाआड उभा होतो. दप्तर पाठीला, पाय चिखलात, आणि पुढं यायची हिंमत नाही. कारण लिंबू माझं होतं. कोळसा माझा, तार माझी, चुना माझा. पुडी मात्र माझी नव्हती. आणि पुडी कुणाची हे कळलं असतं, तर करणी परवडली असं म्हणायची वेळ आली असती.

सांगतो.

आम्हाला बारावीच्या प्रॅक्टिकलला एक क्षार देतात. पांढरी भुकटी. नाव नाही, गाव नाही. ती तापवून, विरघळवून, वास घेऊन, तिच्यात काय आहे ते आपण शोधायचं. बऱ्हाणपूरच्या आमच्या शाळेत एका परीक्षानळीभोवती अख्खी रांग उभी असे. माझा नंबर येईपर्यंत नळीत फक्त धुण्याचं पाणी उरलेलं असे. सर मला म्हणाले होते, “तुझं पुस्तक पाठ आहे, पण हात आंधळा आहे.” मी घरी फोनवर पाहून पाहून शिकलो. कोळशात खळगा करून त्यात क्षार तापवायचा. तारेवर क्षार घेऊन आगीत धरायचा, ज्योतीचा रंग बघायचा. आम्ल लागलं तर घरात लिंबू होतंच. शाळेत लागतं ते सगळं सामान भगताच्या पिशवीतही असतं, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

पण एक अडचण होती. स्वतःच पुडी भरून स्वतःच ओळखायची म्हणजे स्वतःशीच लपाछपी खेळायची. भरणारा दुसरा पाहिजे. आणि तो दुसरा माणूस होता भाऊंची मुलगी.

ती माझ्याच वर्गात. गावातून विज्ञान शिकायला बसनं जाणारी एकटी मुलगी. तिचा फोन भाऊंनी आदल्या वर्षीच काढून घेतला होता, एका मैत्रिणीच्या भावाचा चुकून कॉल आला म्हणून. आणि घरात जाहीर करून टाकलं होतं की, पोरीचं नाव कुणाच्याही पोराबरोबर, अगदी गमतीत जरी निघालं, तरी त्या दिवशी शाळा बंद. परीक्षा तोंडावर असली तरी बंद. भाऊ बोलतात तेच करतात. एकदा रागात ते म्हणाले होते, या मोटरसायकलवर पुन्हा बसणार नाही. ती मोटरसायकल आजही गोठ्यात आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात.

तर एकदा बसस्टँडवर माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “बांधावरच्या दगडाखाली पुडी ठेव. मी ओळखते. मी ठेवते, तू ओळख.” झालं. माझं बाकीचं सामानही मी त्याच दगडाखाली लपवू लागलो. नियम एकच: क्षार खलात कुटून पिठासारखा करायचा. कारण आम्ही दोघंही शेतकऱ्याच्या घरचे. खतांचे खडे आम्हाला डोळे मिटूनही ओळखता आले असते. उत्तर प्रयोगशाळेच्या रांगेत सांगायचं, कुजबुजून, पुढं बघत. मी म्हणायचो, “झिंक सल्फेट.” ती म्हणायची, “हो.” किंवा म्हणायची, “चूक.” याउपर तिच्या तोंडून अक्षर निघत नसे. एवढ्यावरच मी तिच्या आवाजाचा जाणकार झालो होतो, पण त्या बसस्टँडनंतर पूर्ण वाक्य कधी ऐकलं नाही.

माझा तिच्यावर विश्वास होता का? मुळीच नव्हता. ती वर्गात पहिली आणि पहिल्या नंबरच्या माणसाला दुसऱ्याला शिकवण्यात काय रस, असा माझा सरळ हिशेब होता. एकदा तिनं दिलेली पुडी मी दिवसभर तापवली, उकळली, चुन्यात घातली, लिंबात बुडवली. काही लागेना. शेवटी मुंग्या आल्या. पिठीसाखर होती! दुसऱ्या दिवशी रांगेत मी दात खाऊन म्हणालो, “साखर.” ती म्हणाली, “हो.” त्याच आठवड्यात मी तिला रांगोळी दिली. तिनं ती लगेच ओळखली, याचा मला आजही राग आहे.

तर त्या सकाळच्या पुडीत काय होतं, ते फक्त तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. शेवटची पुडी होती ती.

“देडतलाईकडं एक जाणता आहे,” बाबा म्हणत होते. “त्याला आणतो. तो बरोबर सांगंल कुणाच्या घरून आलं ते.”

“आणाच!” भाऊ म्हणाले. “मीच गाडी पाठवतो. दोरा कुणाच्या घरचा, कागद कुणाच्या घरचा, सगळं सोडवू द्या त्याला!”

करपा आल्यापासून त्या दोघांचं एकमत झालं असं ते पहिल्यांदाच. आणि नेमकं तेच नको होतं. कारण दोरा! लाल, जाड, पिळाचा. भाऊंच्या घरच्या मावशी, म्हणजे त्या मुलीची आई, त्याच दोऱ्यानं निम्म्या गावाच्या गोधड्या शिवतात. मी खांबाआडून पाहिलं, तर मावशींची नजर पुडीवर खिळलेली. त्यांनी पदर हळूच तोंडावर ओढला. त्यांना कळलं होतं. त्यांच्या मागं ती उभी, शाळेच्या ड्रेसात, वेण्या घालून, खांद्यावर दप्तर. चेहरा नेहमीसारखा कोरा. फक्त दप्तराचा पट्टा तिनं दोन्ही हातांनी असा धरला होता, जणू कोणी ओढून नेईल.

तिच्याकडं बघितलं आणि मी बांधावर उडी मारली.

“माझं आहे ते! करणी नाही! केमिस्ट्री आहे!”

बाबांच्या काठीचं टोक दगडावरून माझ्याकडं वळलं.

बाबा माझ्याकडं बघत राहिले. “तू? आपल्याच बागेवर?”

“बाबा, अभ्यास आहे हा! उद्या प्रॅक्टिकल आहे. लिंबू म्हणजे आम्ल, कोळशात क्षार तापवतात, तारेनं ज्योतीचा रंग बघतात—”

“लिंबू, कोळसा, तार,” बाबा सावकाश म्हणाले. “हे शाळेत शिकवतात?”

“दाखवतो!” मी म्हणालो. इथं माझी अक्कल चरायला गेली होती. शेजारी वाळक्या केळीच्या पानांची शेकोटी पेटलेली होती. फवारणीच्या डब्यातलं थोडं मोरचूद तारेवर घेतलं, तेच जे आपण झाडांवर फवारतो, आणि तार जाळात धरली. जाळ हिरवा झाला. पोपटाच्या पंखासारखा हिरवागार! माझी छाती फुगली. मी वळून बघितलं, तर अर्धं गाव केळीच्या ओळींत शिरलं होतं. एक जण चप्पल सोडून पळाला. ती चप्पल नंतर कोणी न्यायला आलं नाही.

“आग हिरवी केली!” बाबा ओरडले. “पोरगं गेलं हातातून! हातातून गेलं!” आईनं तिथल्या तिथं माझ्यावरून बोटं मोडली.

भाऊ मात्र जागचे हलले नाहीत. भाऊ असे आहेत की केळं सोललं तरी आत केळंच आहे ना, हे आधी वाकून बघतात. ते बांधावर चढले, पुडीजवळ उकिडवे बसले आणि माझ्याकडं बघू लागले.

“ठीक. लिंबू तुझं. कोळसा तुझा. तार तुझी. पुडी पण तुझीच?”

“हो.”

“तूच भरली?”

“हो.”

“तूच बांधली? या दोऱ्यानं?”

“हो हो. दोरा सापडला पडलेला.”

“बरं,” भाऊ म्हणाले. “मग सांग आत काय आहे. आधी सांग, मग सोडू.”

आता कसं सांगू? परीक्षेत क्षार चुकला तर मार्क जातात. इथं चुकलो तर पुडी माझी नाही हे उघडं पडणार होतं, आणि माझी नाही तर कुणाची, हे शोधायला भाऊंना जाणत्याचीही गरज नव्हती. तिच्या शाळेचं दार त्या पुडीला बांधलेलं होतं. मनात आलं, ठोकून द्यावं, झिंक सल्फेट! पण मग पिठीसाखर आठवली. या पोरीचा काय भरवसा? भाऊंनी जिभेवर कण ठेवला आणि गोड लागला तर? मी चोरून तिच्याकडं बघितलं. म्हटलं, काहीतरी खूण करेल. ओठ हलवेल, बोट दाखवेल. ती आकाशाकडं बघत होती. पाऊस येतोय का ते बघत असावी, भर हिवाळ्यात.

“नुसतं सांगत नाही,” मी छाती काढून म्हणालो. “सिद्ध करून दाखवतो. तसंच करायचं असतं. नाहीतर तुम्ही म्हणाल, पाठ करून आलाय.”

“म्हणणारच होतो,” भाऊ म्हणाले.

मी पुडी सोडली. पांढरं पीठ. साखर नाही, हे बोटाला कळलं, साखर चिकटते. लिंबू पिळलं. फेस नाही. म्हणजे सोडा गेला, रांगोळी गेली. तारेवर घेऊन जाळात धरलं. गर्दी पुन्हा एक पाऊल मागं. पण ज्योतीला रंग आला नाही, सगळे हिरमुसले. भाऊंचे डोळे बारीक झाले.

“काही होत नाही,” ते म्हणाले.

“थांबा ना!” मी तळहातावर चिमूट घेतली, डबीतला चुना घेतला, दोन थेंब पाणी टाकलं आणि अंगठ्यानं तंबाखू मळावी तसं मळायला लागलो.

आणि आला! असा वास आला की माझ्या नाकातून आत जाऊन तो माझ्या मागच्या जन्मापर्यंत पोहोचला. अमोनिया! मला इतका आनंद झाला की मी रडायला लागलो, आणि तो आनंद आहे की अमोनिया, हे मलाही सांगता येणार नाही.

पण अर्धंच काम झालं होतं. अमोनियम हे नावाचं झालं. आडनाव बाकी होतं. क्लोराईड असेल, ब्रोमाईड असेल, सल्फेट असेल. त्यासाठी सिल्व्हर नायट्रेट लागतं, बेरियम क्लोराईड लागतं. दगडाखाली ते काही नव्हतं. चांदी आईच्या पायात होती, पण ती पैंजण होती, नायट्रेट नव्हती. भाऊ बघत होते. मी शेकोटीत तापलेल्या कौलाच्या तुकड्यावर चिमूटभर टाकलं, पांढरा धूर निघाला, आणि मी जीव मुठीत धरून असा ओरडलो की बाबांचा मुलगा शोभलो:

“नवसागर! अमोनियम क्लोराईड! नवसागर!”

हे नाव का घेतलं? कारण ते गावाला माहीत होतं. आणि लगेच आईनं नाक पुढं केलं, हुंगलं, आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाली, “हो गं बाई! हाच वास! आमच्या माहेरी कल्हईवाला यायचा, पातेलं तापवून नवसागर टाकायचा, तेव्हा असाच वास यायचा! अगदी हाच!”

“तुला आठवतो?” बाबा संशयानं म्हणाले.

“माहेरचा वास आहे तो. मी विसरेन का?”

भाऊंनी माझा हात मनगटाला धरून नाकाजवळ नेला. लांब श्वास घेतला. पुढच्या क्षणी त्यांना अशी शिंक आली की दोन्ही बागांतलं दव एकदम खाली आलं, आणि माझ्या मते त्या वर्षीचा करपाही थोडा झटकला गेला.

“करणीला एवढा घाण वास नसतो,” भाऊ डोळे पुसत म्हणाले. “हे शिक्षणच आहे.”

गर्दी सैल झाली. कोणीतरी हसलं. पण भाऊ उठले ते सरळ घरी गेले नाहीत. ते मुलीकडं वळले.

“तुमच्या शाळेत सगळ्यांना हेच असतं?”

“हो,” ती म्हणाली.

“मग हा बांधावर बसून करतो. तू कुठं करताना दिसत नाही कधी. काहून?”

मावशींनी पदर आणखी घट्ट धरला.

“मला येतं,” ती म्हणाली.

भाऊ तिच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं, माझ्या चुन्यानं बरबटलेल्या हाताकडं, नाकातून वाहणाऱ्या पाण्याकडं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. शेजाऱ्याचं पोरगं ढ निघालं, याहून गोड बातमी त्या थंडीत त्यांना मिळालेली नव्हती.

“चल, बस जाईल,” ते म्हणाले.

सगळे पांगत असताना मावशी वाकल्या. लाल दोरा उचलला, बोटाला गुंडाळला, कमरेला खोचला. कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. आम्ही दोघांनीही आपापल्या केळीकडं तोंडं वळवली. मागं बाबा आणि भाऊ पुन्हा सुरू झाले होते. करणी नाही म्हटल्यावर दगड पुन्हा दोघांनाही आपला वाटू लागला होता.

बाबांचा संशय मात्र पुरता गेला नाही. संध्याकाळी ते लिंबाच्या झाडाखाली खाट टाकून बसले, आणि मी चहात काय घालतोय ते आधी विचारू लागले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये पुढच्या सीटवर ती होती. वेण्या, दप्तर, मांडीवर घडी घातलेला पांढरा अ‍ॅप्रन. गाडी पुलावरून जात होती, खाली तापी, आणि मी मागच्या सीटवर बसून ती काय म्हणेल याची तयारी करत होतो. आभार मानेल. नाही मानले तरी एक पूर्ण वाक्य तर बोलेल. शेवटी गावासमोर मी तिची शाळा वाचवली होती, कोणतंही रसायन हाताशी नसताना, लिंबू आणि चुन्यावर. शिवाय मला एक शंका होती. आदल्या दिवशी मी ‘नवसागर’ म्हणून ओरडलो तेव्हा तिच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला होता.

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर रांग लागली. बाहेरगावचे परीक्षक आत खुर्ची सरकवत होते. ती माझ्या पुढं उभी, अ‍ॅप्रनचे बंद मागं बांधत. मी पुढं बघत, नेहमीसारखा, कुजबुजलो. पण या वेळी विचारण्यासाठी नव्हे, शाबासकी घेण्यासाठी.

“नवसागर.”

दार उघडलं. तिचा नंबर पुकारला. तिनं बंदाची गाठ आवळली आणि मागं न बघता म्हणाली,

“चूक. सल्फेट होतं.”